वाटणीत न आलेलं कासव

१

मंगळवारी सकाळी सभाघराच्या पायरीवर कासवाचं डोकं सापडलं. हिरव्या झावळीत नीट गुंडाळलेलं, वरून काथ्याची गाठ, आणि तोंड समुद्राकडे केलेलं. म्हणजे सगळं रीतीप्रमाणे. कासवाचं डोकं वडीलधाऱ्यांचं, हे आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एकच गोष्ट रीतीला सोडून होती. डोक्यामागचं कासव गावात कुठेच नव्हतं.

आमच्या तोकेलाऊ बेटांवर कासव हा मासाच. हसा हवं तर. आणि तो कुणा एकाचा मासा नाही, गावाचा आहे. एरवी बारीकसारीक मासळी ज्याची त्याने शिजवावी. पण कासव किंवा तलवार मासा हाती लागला की तो थेट किनाऱ्यावर आणायचा आणि गावात वाटायचा. धरणाऱ्याला इतरांइतकंच मिळतं, वर शाबासकी. कासव लपवणारा माणूस माझ्या आयुष्यात मी पाहिला नव्हता.

वाटण्याचं काम माझं. माझं नाव पेनेहुरो, वय अठ्ठावन्न. अठरा वर्षं दर शनिवारी होड्यांतली मासळी किनाऱ्यावर एकत्र ओतली जायची, मी घरात माणसं किती ते धरून वाटे लावायचो आणि एकेका घराचं नाव पुकारायचो. सोळा नावं. कागद नाही की वही नाही, सगळं तोंडपाठ. वाटणी चालू असताना आमच्याकडे कुणी बोलत नाही, वाटणाऱ्याला कुणी टोकत नाही. त्या शांततेचा मला भारी अभिमान होता. आता ते आठवलं तरी कान तापतात.

त्या सकाळी सभाघराकडे जाताना वाटेत सेतिमुआ भेटली. मला समुद्र शिकवणाऱ्या आमच्या गुरूंची थोरली लेक, दोन मुलांची आई. अंगण झाडता झाडता ती थांबली आणि म्हणाली, "काका, फार उपकार झाले तुमचे."

मागच्या महिन्यात मी त्यांना छपराला दोन पत्रे दिले होते. मला वाटलं, त्याचंच म्हणतेय. "उपकार कसले, वेडे," असं म्हणून मी ऐटीत पुढे गेलो.

पायरीवर वडीलधारे जमले होते. त्यांतले थोरले फालानी डोक्याकडे बघत म्हणाले, "पेनेहुरो, गावाची अब्रू गेली. शनिवारच्या आत चोर शोध."

"शोधतो," मी म्हणालो. बहुधा छाती काढून म्हणालो असेन.

२

प्रवाळाच्या कड्याने वेढलेल्या आतल्या समुद्राच्या पलीकडे एक लांबट बेट आहे. तिथे वस्ती नाही; गुपचूप कासव कापायचं तर तिथेच. नारळ काढायला फक्त सोमवारी जायचं. त्या सोमवारी तिथे तीनच होड्या गेल्या होत्या: केलेमेनीची, अलापातीची आणि लुहियानोची. बुधवारी सकाळी मी एकटाच तिकडे गेलो.

फार शोधावं लागलं नाही. वाऱ्याच्या बाजूला, झुडपांमागे वाळू उकरलेली दिसली. हाताने उपसली तर खाली कवच. मोठं कासव होतं, दोन माणसांनी उचलावं असं. आणि चार पावलांवर सावलीत झावळीचे तुकडे अंथरलेले होते. हातभर लांब, एकसारखे कापलेले, सुतात धरल्यासारखे एका ओळीत. प्रत्येकावर रक्त वाळलेलं.

मी मोजले. नऊ.

पुन्हा मोजले. नऊच.

म्हणजे चोराने वाटे लावले होते! आमच्या माणसाची खोड बघा. चोरी करतानाही मांस तसंच टोपलीत कोंबणं त्याला जमलं नाही. जवळपास राख नव्हती, कोळसाही नव्हता. तिथे काहीच शिजवलेलं नव्हतं, मांस कच्चंच गेलं होतं.

परतताना मी मनात सोळाही घरं चाळली. कुणाकडे अकरा माणसं, कुणाकडे पाच, कुणाकडे चौदा. नऊ माणसांचं घर माझ्या यादीत एकही नव्हतं.

३

केलेमेनीचं पोट त्याच्या आधी दारात येतं. त्याने मला बसवलं, शहाळं फोडून दिलं आणि स्वतःच सुरुवात केली. "मला माहितेय तू कशाला आलायस. कासव म्हटलं की गाव माझ्याकडे बघतं."

"सोमवारी तू तिकडे होतास."

"होतो ना. नारळ काढले, तीन तिथेच खाल्ले, झोपलो, आलो. अरे पेने, मला कासव मिळालं असतं तर तू राख शोधायला गेला असतास आणि तुला मी सापडलो असतो! घरी येईपर्यंत दम कुणाला निघतोय?"

त्याची बायको आतून ओरडली, "खरंय ते! लग्नाच्या दिवशी आमच्या मांडवातलं डुक्कर यांनी आधीच चाखलं होतं."

तिथे राख नव्हती हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि त्याचं म्हणणं त्याच्याशी जुळत होतं. केलेमेनीला मी मनातून सोडून दिलं.

अलापातीची लेक ऑकलंडला असते आणि जहाज आलं की तो तिला गोठवलेली मासळी पाठवतो. गावात दोन मोठे फ्रीझर आहेत, त्यांतला एक त्याचा. मी काही विचारायच्या आतच त्याने झाकण उघडलं. आत बर्फ आणि अर्धी कोंबडी.

"बघ, डोकं घालून बघ," तो चिडून म्हणाला. "महिनाभर जहाज नाही, आणि मी कासव काय उशाशी घेऊन झोपू? माझ्या दारात चोर शोधायला आलास, पेनेहुरो. हे मी विसरणार नाही."

मी माफी मागितली आणि निघालो.

राहिला लुहियानो. तो आणि मी एका वयाचे, एकाच गुरूच्या हाताखाली समुद्र शिकलेलो. पाण्यात बुडी मारून कासवाला मिठी घालणारा त्याच्यासारखा दुसरा कुणी नाही. आमचे गुरू पाच महिन्यांपूर्वी गेले. थोर माणूस गेला की वर्षभर त्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, अशी आमची रीत आहे. मी ती काटेकोर पाळतो, म्हणून इथेही लिहीत नाही. वाटणीचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं तेव्हा लुहियानोला वाईट वाटलं असणार, असं मी अठरा वर्षं धरून चाललो होतो. त्याने तसं एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

तो होडीचं इंजिन पुसत बसला होता. मला येताना पाहिलं तरी उठला नाही.

"कासव तू धरलंस का?" मी सरळच विचारलं.

त्याने फडकं झटकलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पेनेहुरो, शनिवारी सगळ्यांना मिळतं ना?"

"म्हणजे?"

"विचारतोय. सगळ्यांना मिळतं ना?"

माझं डोकं फिरलं. "अठरा वर्षांत एक तक्रार आलेली नाही! एक! तुला काय म्हणायचंय?"

"काही नाही," तो म्हणाला आणि पुन्हा इंजिन पुसायला लागला. "तुझं चालू दे."

त्या क्षणी माझी खात्री झाली की चोर हाच.

४

गुरुवारी संध्याकाळी सभाघर भरलं. मी उभा राहून सगळं सांगितलं: डोकं, कवच, नऊ झावळ्या. मला बोलायला आवडतं, आणि त्या दिवशी मी चांगलाच बोललो.

"लुहियानोच्या घरात माणसं आठ," मी म्हणालो. "आठ वाटे घरच्यांचे. आणि नववा कासव धरणाऱ्या वीराने स्वतःला बक्षीस म्हणून जास्तीचा घेतला!"

लोक हळहळले. कुणीतरी "शी" केलं. लुहियानोची बायको मान खाली घालून बसली होती, तिचे खांदे हलत होते.

फालानींनी विचारलं, "लुहियानो, खरं आहे?"

तो उठला. "कासव मी धरलं. तिकडेच कापलं. आणखी काही विचारू नका."

"मांस कुठे गेलं?"

"विचारू नका म्हटलं ना, काका."

वडीलधाऱ्यांनी फार वेळ लावला नाही. शनिवारची वाटणी झाली की लुहियानोची होडी ओढून माडांत चढवायची आणि वर्षभर तिला पाणी लागू द्यायचं नाही. आमच्याकडे कोळ्याला यापेक्षा मोठी शिक्षा नाही. आठ तोंडं, आणि समुद्रावर जाणारा तो एकटा. शिवाय वर्षभर प्रत्येक येणाराजाणारा माडांतली होडी बघणार.

बाहेर पडताना लोक माझी पाठ थोपटत होते. लुहियानो माझ्याजवळून गेला. त्याच्या चेहऱ्यावर राग असेल असं वाटलं होतं, पण तो माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसा बघत होता.

५

शुक्रवारी सकाळी मोठ्या आत्याने बोलावणं धाडलं. मेलेसाला आत्या, माझ्या वडिलांची बहीण, वय ब्याऐंशी. आमच्यात आत्याचा शब्द म्हणजे शब्द. पुरुषाने समुद्रावर जावं, बाईने घरी बसून काय आलं ते बघावं, आणि आत्या बसल्या जागेवरून सगळंच बघते. ती चटई विणत होती.

"ये, गावच्या वाघा," ती म्हणाली. "चोर सापडला म्हणे."

"सापडला. कबूलही झाला."

"चोर सापडला. चोरी सापडली का?"

"म्हणजे काय, आत्या?"

"बस. नववा वाटा त्याने बक्षीस म्हणून घेतला म्हणालास. धरणाऱ्याने जास्तीचा वाटा घेतलेला तू तुझ्या जन्मात कधी पाहिलायस?"

"नाही."

"ऐकलायस?"

"नाही. पण हिशेब जुळत नव्हता, म्हणून..."

"म्हणून तू कोंबून बसवलास. तुझी पावलंही लहानपणी अशीच. कुणाच्याही वहाणांत घुसायची." तिने चटईची एक पाती ओढून घट्ट केली. "आता मला सांग, त्या चोराने डोकं कुणाला दिलं?"

"वडीलधाऱ्यांना."

"रीत पाळली. वाटे कसे लावले?"

"सारखे. एका ओळीत."

"रीत पाळली. स्वतः तिथे भाजून खाल्लं?"

"राख नव्हती."

"बघ. सगळ्या रीती पाळल्या, एक सोडून. कोणती सोडली?"

मी म्हणालो, "कासव किनाऱ्यावर आणलं नाही."

"किनाऱ्यावर आणलं असतं तर कुणाच्या हाती गेलं असतं?"

मी तिच्या चटईच्या पात्या बघायला लागलो.

"बोल की. काल तर फार बोललास म्हणे."

"माझ्या."

"तेवढंच त्याने टाळलं. तुझा हात. आता विचार कर, बाबा, का टाळलं असेल."

मला राग आला. कालचा राग गेला नव्हताच, नुसता आकसला होता. मी म्हणालो की लुहियानोच्या मनात पहिल्यापासून मत्सर आहे. आत्या हसलीसुद्धा नाही.

"नऊ माणसांचं घर गावात कोणतं?"

"एकही नाही. मी सोळाही घरं तपासली."

"माझ्या वेळी सतरा होती," आत्या म्हणाली. "पुकार बघू. शनिवारी पुकारतोस तशी, तोंडपाठ."

मी डोळे मिटले आणि म्हणायला लागलो. फालानी, तानू, हाकाइया, अलापाती, मिकाएले... लुहियानो, केलेमेनी...

"पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं.

"मिकाएलेनंतर थांबतोस कशाला?"

"थांबतो? श्वास घेतो, आत्या."

"आधी नव्हतास घेत. पाच महिन्यांपासून घेतोस. मी इथे बसून ऐकते ना दर शनिवारी." तिने विणकाम खाली ठेवलं. "त्या श्वासाच्या जागी कुणाचं नाव होतं?"

मला कळलं. तिथे गुरूंचं नाव होतं. ते गेल्यावर रीत म्हणून मी ते घेणं बंद केलं. त्या नावाखाली त्यांची बायको लोसा, तीन मुली, दोन जावयांमागे राहिलेली पाच नातवंडं. जावई दोघेही परदेशी कामाला. समुद्रावर जाणारा एक पुरुष त्या घरात नाही.

एक, तीन, पाच. नऊ.

"मला वाटलं, त्या घरची माणसं दुसऱ्या कुणाच्या नावाखाली गेली असतील," मी म्हणालो. "मला वाटलं, नवं नाव कोणतं ते येऊन सांगतील."

"त्यांना वाटलं, तू विचारायला येशील. विचारायचं वाटणाऱ्याने असतं. आणि मासळी दिली नाही म्हणून तोंड उघडणारी बाई आपल्या बेटावर जन्मली आहे का?"

सेतिमुआ. पहिले तीन-चार शनिवार ती रिकामी टोपली घेऊन किनाऱ्यावर उभी असायची. मी तिला हात हलवून हसायचो. मला वाटायचं, गंमत बघायला आलीय. मग ती यायची बंद झाली, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

"गावाला माहीत होतं?" मी विचारलं.

"शेजाऱ्यांना होतं. भात जायचा, नीरफणस जायचा गुपचूप. मी आपली वाट बघत बसले, आज सुधारेल, उद्या सुधारेल. माझंही चुकलंच ते. पण तुला कोण सांगणार? वाटणाऱ्याला टोकायचं नसतं, आणि तू तर केवढा ताठ. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून सगळे गप्प."

६

लोसा दोन दिवस घराबाहेर पडली नव्हती. मी दारात उभा राहिलो तर तिने आधी मला चटई घातली. मला! मी बसू शकलो नाही.

"लुहियानोने सोमवारी मांस आणून दिलं," तिने हळू आवाजात सांगितलं. "म्हणाला, पेनेहुरोने पाठवलंय, मागच्या राहिलेल्या शनिवारांचं. आम्ही पोटभर खाल्लं, दादा, तुम्हाला आशीर्वाद देत. मंगळवारी गावात बोभाटा झाला तेव्हा कळलं. मी सभेत येणार होते. त्याने शपथ घातली. म्हणाला, पेनेहुरोची अठरा वर्षं एका दिवसात जातील, माझी एकच होडी जाईल."

चोर म्हणून मी त्याला गावासमोर उभं केलं, आणि त्याने नऊ माणसांना जेवू घालून आशीर्वाद मात्र माझ्या नावावर लावले होते. मी लोसाच्या अंगणात रडलो. लाज वाटली म्हणून रडलो, दुसरं कारण नाही, आणि ती बिचारी मलाच पाणी द्यायला उठली.

शनिवारी मासळी ओतली गेली. माणसं टोपल्या घेऊन बसली. लुहियानोची होडी ओढायला दोर आणून ठेवले होते. मी नेहमीच्या जागी उभा राहिलो आणि वाटणी सुरू करायच्या आधी बोललो. आमच्याकडे असं कुणी करत नाही.

"कासव लुहियानोने धरलं," मी म्हणालो. "चोरी मी केली. पाच महिने, दर शनिवारी, तुमच्या सगळ्यांसमोर."

मग सगळं सांगितलं. श्वासाचंसुद्धा. कुणी हूं की चूं केलं नाही. त्या शांततेचा मला अभिमान वाटायचा ना, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकली.

फालानी उठले. म्हणाले, "कासव गावात आणायला हवं होतं, लुहियानो. एक महिना होडी वर."

"बरं, काका," लुहियानो म्हणाला.

"आणि वाटणीवर पुढच्या आठवड्यापासून मिकाएले."

माझ्याबद्दल तेवढंच. शिक्षा नाही, बोल नाही. मी लोसाकडे वळून विचारलं, पाच महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते. "वहिनी, काय नाव पुकारू?"

तिने मान वर केली. "लोसा म्हणा. आता घर माझंच आहे."

मी सतरा नावं पुकारली.

संध्याकाळी लुहियानोच्या दारी गेलो. काय बोलायचं ते घोकून गेलो होतो. त्याने मला एक शब्द काढू दिला नाही. "बस. महिनाभर मला काम नाही," तो म्हणाला. "जाळं विणायला घे. त्या बाजूने धर." अंधार पडेपर्यंत आम्ही विणत होतो. माफी तोंडातच राहिली. ती मागून मोकळं व्हायची सोयही त्याने ठेवली नाही.

पुढच्या शनिवारी मी इतरांसारखा टोपली घेऊन जाऊन बसलो, रांगेच्या शेवटी. शेजारच्या बाया सरकून मला जागा देत होत्या. वाटणी सुरू व्हायच्या आधी केलेमेनीने पावसापाण्याचं काढलं. अलापातीसुद्धा, जो विसरणार नव्हता, "बरं आहे ना?" म्हणाला. मला वाटत होतं, कुणीतरी शिवी द्यावी. एकाने तरी टोमणा मारावा. म्हणजे मला मान खाली घालून ऐकता आलं असतं.

मिकाएले एकेक नाव पुकारत गेला. मग माझं आलं. "पेनेहुरो!"

उठलो, सगळ्यांच्या मधून चालत गेलो. आमच्या घरात माणसं पाच. मी न मोजण्याचं ठरवलं होतं, पण अठरा वर्षांची सवय, डोळ्यांनी मोजलंच. पाचांचे पाच वाटे, इतरांइतकेच. एक शेपूटही कमी नव्हतं.